प्रस्तावना : खो-खोचे मैदान, गावातले आणि जगातले

19 जानेवारी 2025 रोजी दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममध्ये पहिल्या खो-खो विश्वचषकाचे दोन्ही अंतिम सामने झाले. भारताच्या महिलांनी नेपाळला 78–40 असे हरवले, पुरुषांनीही नेपाळलाच 54–36 असे हरवले. स्पर्धेला 23 देशांतून पुरुषांचे 20 आणि महिलांचे 19 संघ आले होते. भारताच्या दोन्ही संघांचे कर्णधार महाराष्ट्राचे होते. पुरुष संघाचा प्रतीक वाईकर पुण्याचा आणि महिला संघाची प्रियंका इंगळे मूळची आपल्या बीड जिल्ह्यातली, केज तालुक्यातल्या कळमअंब्याची. दुष्काळ, ऊसतोड आणि गुन्हेगारी यांच्याच बातम्यांनी ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्याला त्या दिवशी मान वर करून बोलायला एक कारण मिळाले.

पण त्या आनंदाच्या पोटातच एक प्रश्न होता. प्रियंकाचे गाव बीडमधले असले तरी तिचा खेळ घडला पुणे-पिंपरी परिसरातल्या मैदानांवर. ती कळमअंब्यातच वाढली असती, किंवा इकडे गेवराई तालुक्यात आमच्या चकलांब्यात वाढली असती, तर दिल्लीच्या त्या मैदानापर्यंत पोहोचली असती का? खो-खोवरच्या या पुस्तकाला प्रस्तावना लिहायला मी होकार दिला तो या प्रश्नासाठी. पुस्तकात नियम आहेत, मैदानाची आखणी आहे, सरावाचे धडे आहेत, स्पर्धांचा इतिहास आहे. ते सगळे वाचण्याआधी हा खेळ मोठा कसा झाला आणि कोणी केला, हे वाचकाच्या मनात असावे असे मला वाटते.

पळती-शिवणीचा खेळ आपल्याकडे किती जुना आहे याच्या कथा पुष्कळ आहेत. त्यात मी शिरत नाही. खेळ स्पर्धेचा होतो तो लिखित नियमांमुळे, आणि खो-खोचे पहिले नियम पुण्यात डेक्कन जिमखान्याने 1914 साली केले. जिमखान्याची स्थापना 1906 सालची. याच जिमखान्याच्या पुढाकारातून, दोराबजी टाटांच्या पाठबळाने, 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय खेळाडू गेले. म्हणजे ज्या मंडळींनी आपल्या पोरांना जगाच्या मैदानावर पाठवायचे स्वप्न पाहिले, त्यांनीच आपल्या मातीतल्या खेळालाही फूटपट्टी लावली. ही दोन्ही कामे त्यांना एकाच तोलाची वाटली, याचे मला आजही मोल वाटते. पुढे बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने आपले नियम केले आणि स्पर्धा भरवल्या. पुणे आणि बडोदा यांच्या नियमांत फरक होता, वाद होते. 1928 मध्ये स्थापन झालेल्या अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने नियम एकत्र आणून छापले, तेव्हा कुठे कोल्हापूरचा संघ आणि नागपूरचा संघ एकाच पुस्तकावर बोट ठेवून भांडू लागले. भांडणासाठी एकच पुस्तक असणे ही कोणत्याही खेळाच्या वाढीतली मोठी पायरी असते.

अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळही 1914 चेच, अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी उभारलेले. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली आणि त्यांत खो-खोही होता असे या खेळाच्या इतिहासात सांगितले जाते. वऱ्हाडातल्या एका आखाड्याने हे केले, सरकारने नव्हे. आपले राज्य तर तेव्हा नव्हतेच.

स्वातंत्र्यानंतर राष्ट्रीय महासंघ आला. 1959-60 मध्ये विजयवाड्याला पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, आणि लगेच पुढच्या मोसमात कोल्हापूरला महिलांची. हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. कितीतरी खेळांत बायकांना स्पर्धा मिळायला पिढ्या गेल्या; इथे एकच वर्ष गेले. 1970 मध्ये सुधीर परब यांना खो-खोतला पहिला अर्जुन पुरस्कार मिळाला आणि 1971 मध्ये अचला देवरे यांना. त्यानंतर निलिमा सारोळकर, श्रीरंग इनामदार, उषा नगरकर, शांताराम जाधव, हेमंत टाकळकर, सुषमा सारोळकर, वीणा परब, सुरेखा कुलकर्णी अशी नावे येत गेली. राष्ट्रीय स्पर्धेतल्या सर्वोत्तम पुरुष खेळाडूला एकलव्य आणि महिला खेळाडूला राणी लक्ष्मीबाई पुरस्कार मिळतो. कुमारी गटात जानकी, त्याहून लहान मुलींत इला. ज्या घरात ही पारितोषिके आहेत तिथे ती देवघराशेजारी ठेवलेली मी पाहिली आहेत.

या खेळाडूंच्या मागे गावोगावचे संघ होते. पुण्यात नवमहाराष्ट्र आणि सन्मित्र, दादरला ओम समर्थ भारत व्यायाम मंदिर, सोलापूरला उत्कर्ष, आणि सांगली, इचलकरंजी, ठाणे इथली कितीतरी मंडळे. यांच्याकडे बहुतेक वेळा स्वतःचे मैदानही नसे. शाळेची पटांगणे संध्याकाळपुरती मागून घ्यायची, खडे वेचायचे, पाणी मारायचे, फक्कीने रेघा आखायच्या आणि अंधार पडेपर्यंत खेळायचे. नोकरीवरून सुटलेला एखादा जुना खेळाडू शिट्टी घेऊन यायचा. त्याला मानधन नसे, बहुधा पदही नसे. तो येत राहिला म्हणून मंडळ टिकले, आणि त्याने येणे थांबवले की दोन-तीन वर्षांत मंडळाचा फक्त फलक उरला, असे अनेक गावांत घडले आहे.

ज्यांनी खो-खो फक्त शाळेच्या तासाला पाहिला आहे त्यांच्यासाठी खेळाविषयी थोडे सविस्तर सांगतो. मैदान 27 मीटर लांब आणि 16 मीटर रुंद. दोन टोकांना छातीएवढ्या उंचीचे दोन खांब, मधोमध 30 सेंटिमीटरची पट्टी, त्या पट्टीवर आठ चौकोन. आठ आक्रमक त्या चौकोनांत एकाआड एक उलट दिशांना तोंड करून बसतात, नववा पाठलागाला. संरक्षकांची तीन-तीनची तुकडी आत येते. पाठलाग करणाऱ्याला मधली पट्टी ओलांडता येत नाही आणि घेतलेली दिशा खांबापर्यंत बदलता येत नाही. पळणाऱ्याला दोन्ही मुभा आहेत. सगळा खेळ या एका विषमतेवर उभा आहे. एकट्याने पळणाऱ्याला पकडणे जवळजवळ अशक्य, म्हणून पाठीवर थाप देऊन ‘खो’ म्हणायचे आणि पाठलाग दुसऱ्याच्या हाती सोपवायचा.

आता बसलेल्या खेळाडूकडे नीट पाहा. प्रेक्षक पळणाऱ्याकडे पाहतात, पण जाणकार बसलेल्यांकडे पाहतो. चवडे मातीत रुतवलेले, टाचा उचललेल्या, बोटांची टोके जमिनीला, मान सरळ आणि डोळे मात्र कडेने फिरते. मागून येणारा सहकारी दिसत नाही, त्याची पावले ऐकायची. पळणारी साखळी पद्धतीने येत असेल, म्हणजे एकेका बसलेल्याला वळसा घालत एकेरी साखळी किंवा दोघादोघांना घालत दुहेरी, तर ती आपल्यासमोर केव्हा येणार याचा हिशेब आधीच झालेला असावा लागतो. पाठीवर थाप पडते आणि त्याच क्षणी पहिले पाऊल योग्य बाजूला पडले पाहिजे. ते चुकीच्या बाजूला पडले तर पुढच्या खांबापर्यंत ती दिशा सुटत नाही आणि तेवढी सेकंदे पळणाऱ्याच्या खात्यात जमा होतात. चांगली आक्रमक खांबाजवळ सगळे अंग झोकून, एका हाताने खांब धरून, दुसरा हात पळणारीच्या पाठीपर्यंत लांबवते. खांबावरच्या त्या सुराला अर्धा सेकंद लागतो, पण तो अंगात मुरायला वर्षे जातात. आपली वर्तमानपत्रे खो-खोच्या बातमीत कोणी किती वेळ संरक्षण केले ते मिनिटा-सेकंदांत देतात. दीड मिनिट हा आकडा कागदावर लहान दिसतो. आठ जणांच्या मधून दीड मिनिट न सापडता पळणे म्हणजे काय, हे एकदा पळून पाहिले की कळते.

महाराष्ट्राबाहेर हा खेळ हळूहळूच गेला. 1982 च्या दिल्ली आशियाई क्रीडा स्पर्धांत त्याचे प्रात्यक्षिक झाले. 1996 मध्ये कोलकात्याला पहिली आशियाई अजिंक्यपद स्पर्धा झाली, 2000 मध्ये ढाक्याला दुसरी. मग बराच काळ शांतता. 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धांत खो-खोला पदके मिळाली आणि भारताच्या दोन्ही संघांनी सुवर्ण जिंकले. 2022 मध्ये पुण्याच्या बालेवाडीला ‘अल्टिमेट खो-खो’ ही व्यावसायिक लीग सुरू झाली. सहा संघ, मॅट, दिवे, दूरदर्शन संचावर थेट प्रक्षेपण. पहिले विजेतेपद ओडिशा जगरनॉट्सने घेतले. वेळापूरसारख्या गावातला रामजी कश्यप घराघरांत दिसू लागला. 2023 मध्ये आसामातल्या तामुलपूरला आशियाई स्पर्धा झाली आणि त्यानंतर दोन वर्षांच्या आत विश्वचषक.

विश्वचषकाविषयी मला एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. भारताच्या महिलांनी पहिल्या सामन्यात दक्षिण कोरियाला 175–18 असे हरवले. तो आकडा वाचून अनेकांना हर्ष झाला. मला काळजी वाटली. समोरचा संघ काही महिन्यांपूर्वी खेळ शिकलेला असेल तर तो सामना पाहुणचाराचा असतो. त्याउलट पुरुषांच्या सलामीच्या सामन्यात नेपाळने भारताला 42–37 पर्यंत झुंजवले, ती मला त्या आठवड्यातली सर्वांत शुभ बातमी वाटली. कबड्डीचे उदाहरण आपल्यासमोर आहे. 1990 मध्ये बीजिंगला तिला आशियाई स्पर्धांत स्थान मिळाले आणि आपण वर्षानुवर्षे सुवर्ण आणत राहिलो. 2018 मध्ये जकार्ताला इराणने आपल्या पुरुषांना उपांत्य फेरीत आणि महिलांना अंतिम फेरीत हरवले. इथे हळहळ झाली, पण कबड्डी खऱ्या अर्थाने अनेक देशांची झाली ती तेव्हा.

कॅनडात रिंगेट नावाचा बर्फावरचा खेळ आहे. ऑन्टारिओ प्रांतातल्या नॉर्थ बे या गावी सॅम जॅक्स यांनी 1963 मध्ये तो मुलींसाठी तयार केला. सरळ काठी आणि रबराचे कडे एवढीच त्याची सामग्री. गावातल्या मुलींना हिवाळ्यात खेळायला काहीतरी हवे, एवढाच हेतू होता. 1979 च्या सुमारास तो फिनलंडला गेला, 1990 मध्ये पहिली जागतिक स्पर्धा झाली, आणि पुढे फिनलंडनेच कॅनडाला अनेकदा हरवून जगज्जेतेपद घेतले. आजही ऑलिंपिकमध्ये त्याला जागा नाही. मूठभर देशच तो खेळतात, पण जे खेळतात त्यांच्याकडे गावोगाव क्लब आहेत, लहान मुलींचे गट आहेत, त्यांना शिकवणाऱ्या आया आहेत. आपल्या विश्वचषकाला 23 देश आले ही अभिमानाची बाब आहे. त्यांपैकी किती देशांत एखाद्या गावच्या पटांगणावर रोज संध्याकाळी खो-खोचा सराव चालतो, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न आहे. परदेशांतल्या मराठी मंडळांनी गणपतीत लेझीम, ढोल जसे नेटाने टिकवले तसा खो-खो शेजारच्या मुलांना, मराठी नसलेल्या मुलांना शिकवला, तर ते काम कोणत्याही उद्घाटन सोहळ्यापेक्षा मोठे होईल.

आणि हाच प्रश्न आपल्या जिल्ह्यालाही विचारायचा आहे. शेजारचे धाराशिव पाहा. पाऊस आपल्याइतकाच, पैसा आपल्याइतकाच, वाटा आपल्यासारख्याच. तरी सारिका काळे तिथे घडली. 2016 च्या सुवर्णविजेत्या भारतीय महिला संघाची ती कर्णधार होती आणि 2020 मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. लहानपणी कित्येक वर्षे घरात एकाच वेळचे जेवण मिळे, हे तिने स्वतः सांगितले आहे. पुढे ती तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी झाली. विश्वचषक जिंकणाऱ्या संघातली अश्विनी शिंदेही धाराशिवचीच. म्हणजे मराठवाड्याच्या मातीत हे होत नाही असे कुणी म्हणू नये. धाराशिवला श्रीमंती नव्हती. तिथे रोज भरणारे मैदान होते, मुलींना घरून घेऊन येणारी आणि परत पोहोचवणारी माणसे होती, आणि वरच्या मुलींनी खालच्या मुलींना शिकवायची रीत होती. बीडला मुली कमी पडल्या नाहीत, मैदान अखंड राहिले नाही.

ते का राहत नाही, हेही लिहायला हवे. दसरा झाला की आमच्या भागातून ऊसतोडीच्या गाड्या निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला नवरा-बायकोचा कोयता कोल्हापूर, सांगली, कर्नाटकाकडे जातो. काही मुले हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ राहतात, बरीच आईबापांबरोबर जातात. थोरल्या मुलीला धाकट्याला सांभाळायला न्यावेच लागते. शालेय स्पर्धांची साखळी तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी नेमकी याच महिन्यांत वर चढत असते. एकट्याच्या खेळात एक मुलगी गेली तर दुसरी पळते. खो-खोचा संघ 12 जणींचा, त्यातल्या 9 मैदानात. दोघी-तिघी फडावर गेल्या की संघ मोडतो आणि उरलेल्यांचा सरावही मोडतो, कारण आठ जणी बसायला नसतील तर नववीने कुणाला खो द्यायचा? मार्च-एप्रिलमध्ये गाड्या परततात तेव्हा परीक्षा आणि ऊन दोन्ही दारात असतात. त्यात सोळाव्या-सतराव्या वर्षी लग्न ठरले तर राज्य पातळीवर पोहोचू शकणारी मुलगी मैदानावरून कायमची जाते. तालुक्याच्या सामन्यात खांबाजवळ झेप घेणारी मुलगी पुढच्या वर्षी दिसत नाही आणि विचारले तर कुठल्या तरी गावाचे नाव सांगितले जाते, हा अनुभव या भागातल्या प्रत्येक क्रीडाशिक्षकाला आहे. विश्वचषक जिंकणाऱ्या खेळाडूंना सरकारने रोख बक्षिसे आणि नोकऱ्या जाहीर केल्या ते योग्यच झाले. बक्षिसाचा थोडा अंश हंगामी वसतिगृहातल्या संध्याकाळच्या दोन तासांसाठी, एका प्रशिक्षकाच्या पगारासाठी, खर्च झाला तर अशी आणखी दहा नावे निघतील, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो.

दुसरी अडचण मॅटची. मोठ्या स्पर्धा आता मॅटवर होतात. मातीत चवडा रुततो, मॅटवर तो रुतत नाही, तिथे बुटाची पकड लागते. मातीवर सूर मारला की कोपर सोलते, मॅटवर कातडी भाजते आणि गुडघ्यावर येणारा ताण वेगळा असतो. अनवाणी वाढलेल्या मुलीला निवड चाचणीच्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा मॅट आणि बूट एकत्र मिळाले तर ती हरते ती खेळात नव्हे. माती सोडा असे मी म्हणत नाही. पाय मातीतच तयार होतात, हे जुन्या खेळाडूंचे म्हणणे मला पटते. पण तालुक्याच्या ठिकाणी निदान एक मॅट असावी आणि गावच्या संघाला महिन्यातून काही दिवस तिच्यावर खेळता यावे.

नव्या नियमांविषयीही मतभेद आहेत. विश्वचषकात मैदानात सातच आक्रमक होते, पाळ्या सात मिनिटांच्या होत्या, आणि ‘वजीर’ म्हणून नेमलेल्या आक्रमकाला कोणत्याही दिशेला पळता येत होते. तुकडी ठरलेल्या वेळेपलीकडे टिकली तर संरक्षकांनाही गुण मिळत होते. वजीर आला तेव्हा मीही नाराज होतो, कारण दिशेचे बंधन हाच खेळाचा कणा आहे. तरीही संरक्षणाला गुण देण्याचा निर्णय मला न्याय्य वाटतो. पळणाऱ्याच्या श्रमाला इतकी वर्षे सेकंदांत मोजून वर्तमानपत्रात जागा मिळत होती, गुणफलकावर ती पहिल्यांदा मिळाली. या पुस्तकात जुने आणि नवे असे दोन्ही नियम शेजारी शेजारी दिले आहेत ते बरे झाले. गावच्या मुलांनी आधी जुना खेळ शिकावा, नऊ जणांचा, मोठ्या मैदानाचा. त्यातून आलेला खेळाडू छोट्या मैदानावर आठवड्याभरात रुळतो.

पुस्तकाच्या मांडणीत मला सर्वांत आवडले ते मैदान आखणीचे प्रकरण. मोजमापाची टेप नसेल तर दोरीला गाठी मारून चौकोन कसे आखावेत, पट्टी सरळ कशी धरावी, उतारावरच्या पटांगणात खांब कुठल्या बाजूला रोवावेत, पावसाळ्यात चिकट काळ्या मातीवर मुरूम किती जाड टाकावा, इतके बारीक त्यात दिले आहे. आमच्या भागात काळी जमीन पावसात पाय धरते आणि उन्हाळ्यात भेगाळते. अशा जमिनीवर मैदान राखणे हे स्वतंत्र शास्त्र आहे आणि ते आजवर तोंडीच चालत आले. मुलींच्या सरावाचे प्रकरणही पालकांनी जरूर वाचावे. पाळीच्या दिवसांत खेळावे की नाही, सरावानंतर काय खावे, गुडघा दुखला तर कधी थांबावे, या प्रश्नांची उत्तरे तिथे संकोच न बाळगता दिली आहेत. शेंगदाणे-गुळाचा लाडू आणि भिजवलेले हरभरे एवढ्यावर चांगला सराव होतो, महागड्या डब्याची गरज नाही, हे लिहिल्याबद्दल लेखकांचे आभार.

ज्यांच्याकडे मुख्याध्यापकपद आहे त्यांनी मैदानाच्या प्रकरणापासून सुरुवात करावी, ज्यांच्या घरात दहा-बारा वर्षांची मुलगी आहे त्यांनी सरावाच्या प्रकरणापासून, आणि ज्यांना सामने पाहायला आवडतात त्यांनी साखळीच्या आकृत्यांपासून. ग्रामपंचायतीच्या सदस्यांसाठी शेवटी खर्चाचा तक्ता आहे. दोन खांब, फक्कीच्या काही पिशव्या, मुरमाच्या दोन ट्रॉली आणि पाण्याचा टँकर, एवढ्यात चकलांब्यासारख्या गावाचे मैदान यंदाच्या दसऱ्याआधी उभे राहू शकते.

चकलांबा, ता. गेवराई, जि. बीड